इंग्रजी उच्चार सुधारण्यासाठी ऐकणाऱ्या यंत्राचा उपयोग

प्रास्ताविक



इंग्रजी आली पाहिजे, हे आज कोणी कोणाला समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. महाराष्ट्र शासनाने सन २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला. त्यापूर्वी तो पाचवीपासून शिकवला जात असे. म्हणजे आज महाविद्यालयात बसलेला आपला विद्यार्थी किमान बारा वर्षे इंग्रजी शिकलेला असतो. व्याकरणाचे नियम त्याला पाठ असतात, निबंध पाठ असतात, शब्दार्थही पाठ असतात. पण या बारा वर्षांत तो मोठ्याने इंग्रजी किती बोलला? पस्तीस मिनिटांचा तास आणि वर्गात साठ मुले, असा हिशेब करून पाहा. शिक्षकांनी संपूर्ण तासभर तोंड उघडले नाही, तरी एका मुलाच्या वाट्याला अर्ध्या मिनिटाहून थोडेसेच अधिक येते. पोहणे पुस्तकातून शिकवावे तसे आपण बोलणे वहीतून शिकवतो.

याचा परिणाम काय होतो, ते आम्ही जवळून पाहिले. जुळे सोलापुरातील आमच्या अभ्यासिकेत नियमित येणारी एक विद्यार्थिनी पुण्याला एका कंपनीत मुलाखतीसाठी गेली. आई विड्या वळणारी, वडील यंत्रमागावर काम करणारे. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. तिने विहिरींचे पाणी तपासण्याचा प्रकल्प केला होता व त्याची तिला खडान्‌खडा माहिती होती. मुलाखत घेणाऱ्यांनी मात्र तिला एकच वाक्य तीन वेळा म्हणायला लावले. तिसऱ्या वेळी तिचा आवाजच फुटेना. परत आल्यावर ती आम्हांला म्हणाली, “मला इंग्रजी येतच नाही.”

आम्ही तिचा प्रकल्प अहवाल पुन्हा वाचला. इंग्रजी उत्तम होते. अडले होते ते एका शब्दाच्या उच्चारात, आणि तो शब्द कोणता हे आम्हां कोणालाच ऐकून सांगता येईना, कारण आमचाही उच्चार तोच! अखेर तो शब्द सापडला तो टेबलावर ठेवलेल्या एका साध्या मोबाइल फोनमुळे. हा लेख त्या अनुभवातून लिहिला आहे. बोलणे ओळखणारे तंत्रज्ञान, म्हणजेच स्पीच रेकग्निशन, आपल्या उच्चारांच्या सरावासाठी कसे वापरावे, ते कोठे उपयोगी पडते आणि कोठे फसवते, याची माहिती येथे देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

१. उच्चार किती सुधारायचा?

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केला पाहिजे. उच्चार सुधारणे म्हणजे साहेबासारखे बोलणे नव्हे. प्रत्येकाच्या बोलण्यात त्याच्या मातृभाषेची लकब राहतेच. स्कॉटलंडच्या माणसाच्या इंग्रजीत ती असते, ऑस्ट्रेलियाच्या माणसाच्या इंग्रजीत असते, तशी सोलापूरच्या माणसाच्या इंग्रजीतही असणार. त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही.

कॅनडातील मरी मन्रो व ट्रेसी डेरविंग या भाषा-संशोधकांनी १९९५ साली एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. बोलण्यातील परकी लकब आणि बोलणे समजणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. लकब ठळक असूनही बोलणे पूर्णपणे समजू शकते. तेव्हा आपले उद्दिष्ट लकब पुसण्याचे नसून, ऐकणाऱ्याला शब्द पहिल्याच वेळी कळावा एवढेच असले पाहिजे.

आपल्याकडे या प्रश्नाचा अभ्यास बराच जुना आहे. हैदराबाद येथे १९५८ साली इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली. तेथील प्रा. आर. के. बन्सल यांनी भारतीयांचे इंग्रजी परदेशी श्रोत्यांना कितपत समजते यावर संशोधन केले. ते १९६९ साली प्रसिद्ध झाले. सुट्या ध्वनींच्या चुकांप्रमाणेच शब्दातील आघात चुकीच्या ठिकाणी पडणे हे न समजण्याचे मोठे कारण असते, असे त्यातून दिसून आले. हा मुद्दा आपण पुढे पाहणार आहोत.

२. यंत्र बोलणे कसे ओळखते?

यंत्राचा उपयोग करायचा तर ते काम कसे करते हे थोडक्यात कळले पाहिजे. नाहीतर आपण त्याला देव तरी समजतो किंवा खेळणे तरी समजतो.

आपण बोलतो तेव्हा हवेत कंपने निर्माण होतात. माइक त्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करतो. संगणक या लहरींची मोजणी साधारणपणे एका सेकंदात १६,००० वेळा करून आकडे तयार करतो. मग त्या आकड्यांचे लहान लहान तुकडे पाडले जातात. प्रचलित पद्धतीत एक तुकडा सुमारे २५ मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढा असतो. प्रत्येक तुकड्यात कोणत्या उंचीच्या स्वराची शक्ती किती आहे हे पाहून, हा ‘स’ असावा की ‘श’, ‘इ’ असावी की ‘ई’, याचा अंदाज बांधला जातो.

येथपर्यंतचे काम कानाचे झाले. यानंतर यंत्र दुसरे काम करते आणि तेच आपण लक्षात ठेवायचे आहे. कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे यंत्राने लाखो वाक्यांवरून शिकून ठेवलेले असते. कानाला नीट ऐकू आले नाही, तर ते या अनुभवावरून रिकामी जागा भरते. आपली आजी नाही का, अर्धे वाक्य ऐकून पुढचे ओळखते! तसेच हे.

या शास्त्राचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५२ साली ‘ऑड्री’ नावाचे यंत्र तयार झाले. ते शून्य ते नऊ एवढेच आकडे ओळखत असे. पुढे या क्षेत्राला दिशा देणाऱ्यांत एक भारतीय नाव अग्रभागी आले, ते म्हणजे डॉ. राज रेड्डी. १९३७ साली चित्तूर जिल्ह्यातील काटूर या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. महाविद्यालयात जाणारे ते त्यांच्या कुटुंबातील पहिलेच. कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांच्या गटाने १९७६ पर्यंत सुमारे हजार शब्द ओळखणारी ‘हार्पी’ ही यंत्रणा उभी केली. १९९४ साली त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

१९९७ साली ‘ड्रॅगन नॅचरली स्पीकिंग’ हा संगणक-कार्यक्रम बाजारात आला आणि सलग बोललेले वाक्य घरच्या संगणकावर उमटू लागले. त्याआधी प्रत्येक शब्दानंतर थांबावे लागत असे. २०१७ साली गूगलने मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलून लिहिण्याची सोय दिली. आज ही सोय बहुतेक स्मार्टफोनच्या कीबोर्डवर, माइकच्या लहानशा चिन्हामागे असते.

३. हैदराबादचा प्रयोग

या यंत्राने उच्चार सुधारतात का, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे एक उत्तर शोधण्याचा प्रयत्न आपल्या शेजारीच, हैदराबादेत झाला. रस्त्यालगतच्या भिंतीत संगणक बसवून वस्तीतील मुले तो आपापसांत कसा शिकतात हे दाखवणारे सुगत मित्रा, तसेच जेम्स टूली, परिमला इनामदार व पॉल डिक्सन यांनी केलेल्या या प्रयोगाचा अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला.

सामान्य कुटुंबांतील मुलांच्या छोट्या गटांना संगणक, इंग्रजी शिकवणारा एक कार्यक्रम, काही इंग्रजी चित्रपट आणि बोललेले टिपून घेणारी यंत्रणा देण्यात आली. त्या काळची यंत्रणा आधी एखाद्या व्यक्तीच्या आवाजावर तयार करावी लागे. येथे ती योग्य उच्चार असलेल्या आवाजावर तयार केलेली होती. मुलांनी तिच्यासमोर बोलायचे आणि तिला आपले शब्द कळतील असा प्रयत्न करायचा. शिक्षकांनी शक्य तितके बाजूला राहायचे.

संशोधकांची गृहीतके दोन होती. पहिले असे, की असे यंत्र उच्चाराची पारख बऱ्यापैकी करू शकते. दुसरे असे, की मुले गटागटाने, शिक्षकांच्या फारशा मदतीशिवाय आपले उच्चार सुधारू शकतात. ही दोन्ही गृहीतके खरी असू शकतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ‘असू शकतात’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रयोग लहान होता आणि त्यावरून मोठा डांगोरा पिटणे योग्य नाही. मात्र त्यातील एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. मुले एकएकटी यंत्रासमोर बसली नव्हती, ती गटात बसली होती. एक बोलत होता आणि इतर ऐकत होते.

महाराष्ट्रातही या दिशेने काम झाले आहे. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये प्रा. प्रीती राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे मोठ्याने वाचन तपासणारी ‘तारा’ नावाची यंत्रणा विकसित केली. मूल उतारा वाचते, यंत्र तो ऐकते आणि मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले, योग्य ठिकाणी थांबले का, आवाजात चढउतार होता का, हे सांगते. हिंदी व इंग्रजी वाचनाच्या तपासणीसाठी ती देशातील हजाराहून अधिक केंद्रीय विद्यालयांत वापरण्यात आली. तसेच गूगलने २०१९ साली भारतात ‘बोलो’ हा वाचनाचा कार्यक्रम आणला व २०२० साली ‘रीड अलाँग’ या नावाने त्यात मराठीचाही समावेश केला. त्यातील ‘दिया’ नावाची मुलगी वाचणाऱ्या बाळगोपाळांना अडलेला शब्द सांगत असे.

४. सोलापूरच्या चार भाषा आणि आपले उच्चार

आता आपल्या गावाकडे वळू. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा रस्त्यावर कानी पडतात. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडून आलेल्या घरांत कन्नड, आणि बाजारात तर एकाच वाक्यात चारही! आपण याकडे अडचण म्हणून पाहतो. उच्चार शिकताना मात्र हीच आपली पुंजी आहे, कारण एका भाषेत नसलेला ध्वनी शेजारच्या भाषेत असतो.

(अ) ऱ्हस्व व दीर्घ ‘ए’ : त्या विद्यार्थिनीची अडचण हीच होती. परीक्षा किंवा तपासणी या अर्थाचा इंग्रजी शब्द आपण देवनागरीत ‘टेस्ट’ असा लिहितो, आणि चव या अर्थाचा शब्दही ‘टेस्ट’ असाच लिहितो. विकणे म्हणजे ‘सेल’ आणि विक्री म्हणजेही ‘सेल’. लिहायचे ‘पेन’ आणि दुखणे तेही ‘पेन’. कर्ज म्हणजे ‘डेट’ आणि तारीख तीही ‘डेट’. इंग्रजीत यांतील प्रत्येक जोडीत दोन वेगळे स्वर आहेत. मराठीत ‘ए’ एकच असल्याने आपली लिपी तो भेद दाखवत नाही, आणि लिपीत नाही म्हणून तो कानालाही ऐकू येत नाही. पाण्याची तपासणी केली असे ती सांगत होती, समोरच्यांना मात्र पाण्याची चव घेतली असे ऐकू येत होते!

परंतु कन्नड व तेलुगू भाषांत ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ ही दोन वेगळी अक्षरे आहेत. कन्नडमध्ये झाडाचे पान म्हणजे ‘एले’, त्यातील पहिला ‘ए’ ऱ्हस्व. सात म्हणजे ‘एळु’, त्यातील ‘ए’ दीर्घ. तेलुगूत उंदीर ‘एलुक’ हा ऱ्हस्व, तर हत्ती ‘एनुगु’ हा दीर्घ. तपासणीचा शब्द म्हणताना ऱ्हस्व ‘ए’ घ्यावा, जबडा किंचित अधिक उघडावा व स्वर चटकन तोडावा. चवीचा शब्द म्हणताना स्वर लांबवून शेवटी ‘इ’कडे न्यावा. आमच्या विद्यार्थिनीला हा फरक कोणा प्राध्यापकाने दाखवला नाही. तो शेजारी बसणाऱ्या तिच्या तेलुगू मैत्रिणीने दाखवला.

(आ) ‘झू’मधला ध्वनी : प्राणिसंग्रहालय या अर्थाच्या ‘झू’ शब्दाचा पहिला ध्वनी काढताना अनेकांचा ‘जू’ होतो. उर्दू बोलणाऱ्यांना हा ध्वनी सहज येतो, कारण ‘ज़मीन’, ‘ज़रा’ हे त्यांचे रोजचे शब्द. मराठी माणसालाही तो परका नाही. ‘आवाज’, ‘मजा’, ‘माझा’ हे शब्द भरभर बोलताना जो ध्वनी येतो, तो त्याच्या अगदी जवळचा आहे. जीभ वर न चिकटवता हवा घासून सोडायची, एवढेच.

(इ) ‘व’ आणि ‘व्ह’ : पश्चिम दिशा म्हणजे ‘वेस्ट’ आणि बनियन म्हणजे ‘व्हेस्ट’. मराठी लिपीने हा भेद जपला आहे, पण आपण ‘व्ह’ वाचताना त्यात ‘ह’ मिसळतो. वास्तविक तेथे ‘ह’ नाही. वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवून गुणगुणावे म्हणजे ‘व्हेस्ट’चा ध्वनी येतो. दात न लावता ओठांचा चंबू केला की ‘वेस्ट’चा येतो. लहान आरसा समोर धरल्यास पाच मिनिटांत हे जमते.

(ई) ‘थ’ : विचार करणे या अर्थाच्या ‘थिंक’मधील ध्वनी आपल्या चारही भाषांत नाही. जिभेचे टोक वरच्या दातांखाली किंचित बाहेर ठेवून हवा सोडावी लागते. भारतीय ‘थ’ने बहुतेक वेळा अर्थ कळतो. म्हणून यावर सर्वांत शेवटी वेळ घालवावा.

(उ) शब्दाच्या सुरुवातीच्या व शेवटच्या सवयी : कन्नड-तेलुगू भाषकांपैकी काहीजण ‘एम’ला ‘येम’ म्हणतात, उर्दू-हिंदी भाषकांपैकी काहीजण ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणतात. मराठीत ‘स्थान’, ‘स्पष्ट’ असे शब्द असल्याने आपल्याला ‘स्कूल’ अवघड जात नाही. येथे मराठी मित्राने मदत करावी. भूतकाळी रूपांत मात्र आपण सगळेच चुकतो. ‘चालला’ या अर्थी ‘वॉक्ड’ नव्हे तर ‘वॉक्ट’, ‘मदत केली’ या अर्थी ‘हेल्प्ट’. ‘वॉन्टेड’मध्ये मात्र ‘टेड’ स्पष्ट येतो.

(ऊ) आघात : मराठीत आपण सर्व अक्षरांना साधारण सारखे वजन देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि बाकीची दबतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या ‘फो’वर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्या अक्षरावर, तर ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रा’वर. ‘थर्टी’मध्ये जोर पहिल्या भागावर, ‘थर्टीन’मध्ये तो एकट्याने म्हणताना शेवटच्या भागावर. फोनवर रक्कम सांगताना तीस आणि तेरा यांचा घोटाळा यामुळेच होतो.

५. सरावाची पद्धत

आमच्या अभ्यासिकेत रविवारी सकाळी अर्धा तास हा सराव चालतो. त्यातून ठरत गेलेली पद्धत येथे क्रमाने देत आहोत.

१) चारजणांचा गट करावा. शक्य तर मातृभाषा वेगवेगळ्या असाव्यात. एक फोन पुरे. प्रत्येकाकडे स्वतःचा फोन असण्याची गरज नाही, किंबहुना नसलेलाच बरा.

२) फोनच्या कीबोर्डमध्ये भाषा निवडताना ‘इंग्रजी (भारत)’ निवडावी.

३) शब्दकोशाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये शब्दाचा उच्चार ऐकण्याची सोय असते. बोलण्यापूर्वी तो दोनदा ऐकावा. कान तयार झाल्याशिवाय जीभ वळत नाही.

४) गटातील एकाने बोलावे, दुसऱ्याने फोन धरावा, तिसऱ्याने यंत्राकडे न पाहता आपल्या कानाला काय ऐकू आले ते कागदावर लिहावे, चौथ्याने शब्दांची यादी सांभाळावी. प्रत्येक फेरीनंतर कामे बदलावीत.

५) सराव सुट्या शब्दांच्या जोड्यांनी करावा, वाक्यांनी नव्हे. याचे कारण दुसऱ्या भागात सांगितले आहे. त्या विद्यार्थिनीने पहिल्या दिवशी पूर्ण वाक्य म्हटले तेव्हा फोनने ते अचूक लिहिले. ती म्हणाली, “यंत्राला कळते, मग त्यांना का कळले नाही?” मग तिने तोच एक शब्द एकटा म्हटला आणि पडद्यावर चवीचा शब्द उमटला. वाक्यात यंत्राने आजूबाजूच्या शब्दांवरून चूक झाकली होती. एकट्या शब्दाने ती उघडी पडली.

६) जोडीतील शब्द उलटसुलट क्रमाने दहा वेळा म्हणावेत आणि यंत्राने किती वेळा बरोबर लिहिले याच्या खुणा वहीत कराव्यात. तारीख घालावी. तीन आठवड्यांनी तीच यादी पुन्हा म्हणावी.

७) शब्द चुकला तर आवाज वाढवू नये. ओरडल्याने उच्चार सुधारत नाही. आरशात ओठ, दात व जबडा पाहावा आणि एकच गोष्ट बदलून पुन्हा म्हणावे.

८) जोड्या जमल्यावरच वाक्यांकडे, नंतर उताऱ्याकडे जावे. उतारा वाचताना आपला आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकावा. प्रथम आपलाच आवाज ऐकताना संकोच वाटतो, तो आठ-दहा दिवसांत जातो.

एका वेळी एकाच ध्वनीवर काम करावे. सहा चुका एकदम सुधारायला गेलेला माणूस शेवटी गप्पच बसतो, असा आमचा अनुभव आहे.

६. यंत्राच्या मर्यादा

यंत्र कंटाळत नाही, हसत नाही, चारचौघांत पाणउतारा करत नाही. शंभर वेळा चुकले तरी ते एकशे एकाव्यांदा ऐकते. लाजऱ्या विद्यार्थ्याला हा मोठाच आधार आहे. पण यंत्राचा निकाल हा अंतिम निकाल मानू नये, याची काही ठोस कारणे आहेत.

पहिले कारण असे, की यंत्राने जे आवाज जास्त ऐकले असतील तेच त्याला चांगले कळतात. २०२० साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आय.बी.एम. व मायक्रोसॉफ्ट या पाच मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या. अमेरिकेतील गोऱ्या लोकांचे बोलणे टिपताना या यंत्रणा सरासरी शंभर शब्दांत १९ चुका करत होत्या, तर कृष्णवर्णीय लोकांचे बोलणे टिपताना ३५. ते लोक तर जन्मापासून इंग्रजीच बोलणारे! म्हणजे दोष बोलणाऱ्यांचा नव्हता. ज्यांचे आवाज यंत्राला पुरेसे ऐकवलेच गेले नाहीत, त्यांना यंत्राने चूक ठरवले. वगळले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

दुसरे कारण असे, की माणूस यंत्राहून चांगला श्रोता असतो. वर उल्लेखिलेल्या डेरविंग व मन्रो यांनी एका सहकाऱ्यासह २००० साली ‘ड्रॅगन’ची परीक्षा घेतली. इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्यांचे बोलणे माणसांना बरेच समजत होते, यंत्राला मात्र त्यापेक्षा खूप कमी. त्यानंतर यंत्रे पुष्कळ सुधारली, तरी तत्त्व तेच राहिले. म्हणूनच आमच्या गटात एकजण यंत्राकडे न पाहता केवळ कानाने ऐकतो. माणसाला कळले आणि यंत्राला कळले नाही, तर आम्ही माणसाचे म्हणणे ग्राह्य धरतो.

तिसरे कारण असे, की साधे बोलून-लिहिण्याचे यंत्र शब्द बरोबर की चूक एवढेच दाखवते. चूक कोठे झाली, जीभ कोठे न्यावी, आघात नीट पडला का, हे ते सांगत नाही. शिवाय पाठीमागे यंत्रमागाचा खडखडाट किंवा वरातीचा लाउडस्पीकर असेल तर निकालावर मुळीच विश्वास ठेवू नये. तसेच आपला आवाज अनेकदा इंटरनेटवरून कंपनीकडे जातो, हे ध्यानात ठेवून सरावात पत्ता, बँकेचा क्रमांक अशी खासगी माहिती बोलू नये.

आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. आठवीतील एका मुलाने यंत्रासमोर स्वतःचे नाव इंग्रजी वाक्यात सांगितले. यंत्राने काहीतरी भलतेच लिहिले. मुले हसली. पुढच्या वेळी त्याने आपल्या नावाचा उच्चार वाकडातिकडा करून पाहिला, यंत्राला कळावे म्हणून. आम्ही तेथेच सराव थांबवला. त्याला सांगितले, की तुझे नाव जसे तुझी आई उच्चारते तसेच बरोबर आहे. येथे अडाणी यंत्र आहे, तू नाहीस. मंगळवेढ्याचा ‘ळ’ ज्याला येत नाही त्याने तो शिकावा, आपण मंगळवेढा बदलायचा नाही. इंग्रजी शब्द इंग्रजीच्या रीतीने आणि आपली नावे आपल्या रीतीने, हा नियम आम्ही त्या दिवसापासून भिंतीवर लावला आहे.

समारोप

त्या विद्यार्थिनीला नोकरी लागली ती त्यानंतरच्या दुसऱ्या मुलाखतीत. यंत्रामुळेच लागली असा आमचा दावा नाही. तिचा अभ्यास मुळातच पक्का होता. फरक एवढाच पडला, की ज्याला ती ‘मला इंग्रजी येत नाही’ असे म्हणत होती, तो एका स्वराचा प्रश्न निघाला. एका स्वरावर इलाज असतो. ‘येत नाही’ या भावनेवर इलाज करणे मात्र फार अवघड असते. अनेक मुले ती भावना आयुष्यभर वागवतात व जेथे पोहोचायला हवे तेथे पोहोचत नाहीत.

मित्रांनो, यंत्राने आम्हांला चूक दाखवली, पण उपाय दाखवला तो शेजारच्या बाकावरील मुलीने, तिच्या मातृभाषेतून. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की फोन जरूर वापरा, पण एकट्याने कोपऱ्यात बसून नव्हे. चौघे बसा, चार भाषा एकत्र आणा, एकमेकांचे ऐका. आपल्यापैकी जे नोकरीला लागले आहेत त्यांनी रविवारचा अर्धा तास लहानांसाठी द्यावा. तसेच पालकांनी मुलांच्या मोठ्याने वाचण्याला गोंगाट समजू नये. ज्या घरात मुलगी मोठ्याने इंग्रजी वाचते, त्या घरातील आईला ते समजले नाही तरी तिने शेजारी बसून ऐकावे. ऐकणारे कोणी असले म्हणजे बोलणाऱ्याला बळ येते.

स्वाध्याय

१) ‘टेस्ट’, ‘सेल’, ‘पेन’ व ‘डेट’ या प्रत्येकाचे दोन अर्थ लिहा व दोन्ही उच्चार मित्राला करून दाखवा. त्याला फरक कळतो का ते पाहा.

२) एखादा अवघड शब्द प्रथम वाक्यात व नंतर सुटा म्हणा. फोनने दोन्ही वेळा काय लिहिले? फरक पडल्यास कारण सांगा.

३) आपल्या मातृभाषेत असलेला पण इंग्रजीत नसलेला एक ध्वनी व इंग्रजीत असलेला पण मातृभाषेत नसलेला एक ध्वनी लिहा.

४) ‘फोटोग्राफ’, ‘फोटोग्राफर’ व ‘फोटोग्राफिक’ हे शब्द टाळी वाजवत म्हणा. मोठी टाळी कोठे पडते?

५) आपले नाव व गावाचे नाव यंत्राला सांगा. त्याने चुकीचे लिहिले तर चूक कोणाची, यावर पाच ओळी लिहा.